इंग्रजी शब्दांचे अर्थ मोबाईलवर कसे शोधायचे आणि लक्षात कसे ठेवायचे? (उदाहरण वाक्यांसह)

मोबाईलवर एखादा इंग्रजी शब्द अडला की आपण काय करतो? शब्द टाईप करतो, पुढे "मीनिंग इन मराठी" लिहितो, पहिल्या रिझल्टमधला पहिला अर्थ वाचतो आणि पुढे जातो. दहा सेकंदांचं काम. पण आठवड्याने तोच शब्द परत समोर आला की पुन्हा तेच दहा सेकंद. आणि बऱ्याचदा अर्थ मिळूनही वाक्य काही कळत नाही.

असं का होतं, फोनमधली भाषांतराची आणि शब्दकोशाची साधनं आतून कशी चालतात, आणि त्यांच्याकडून जास्त काम कसं करून घ्यायचं, हे या लेखात पाहू. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, इंग्रजीचा शिक्षक नाही. पण रोजचं काम इंग्रजीत चालतं आणि शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे हा विषय मला जवळून माहीत आहे. मूळ गाव शिराळा, जिल्हा सांगली. म्हणून उदाहरणंही बरीचशी तिकडचीच दिली आहेत.

एक शब्द, अनेक अर्थ: डिस्चार्ज

आमच्या तालुक्यात वारणा नदीवर चांदोलीचं धरण आहे. पावसाळ्यात धरण भरत आलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात, काही मराठीत, काही इंग्रजीत. इंग्रजी मेसेजमध्ये एक शब्द हमखास असतो: डिस्चार्ज. आता हा शब्द सर्च करा. अर्थ येतात ते असे: स्राव, मुक्तता, विसर्ग, कार्यमुक्त करणे, भार उतरवणे, कर्तव्य पार पाडणे. यातला धरणाचा कुठला? बरोबर उत्तर "विसर्ग", पण शाळेत विसर्ग म्हणजे "दुःख" या शब्दातले दोन टिंब एवढंच शिकलेल्या पोराला तो अर्थ वाचूनही काही कळणार नाही. म्हणजे अर्थाचाच अर्थ शोधायची वेळ.

त्यापेक्षा चार वाक्यं बघा.

द पेशंट वॉज डिस्चार्ज्ड यस्टरडे. — पेशंटला काल दवाखान्यातून घरी सोडलं.
माय बॅटरी डिस्चार्जेस फास्ट. — माझी बॅटरी पटकन उतरते.
द डॅम इज डिस्चार्जिंग टेन थाउजंड क्युसेक्स. — धरणातून १०,००० क्युसेकने पाणी सोडलंय.
शी डिस्चार्ज्ड हर ड्युटीज वेल. — तिने आपली जबाबदारी नीट पार पाडली.

चारही वाक्यांत एकच गोष्ट होते आहे: आत असलेलं किंवा अंगावर असलेलं ओझं बाहेर सोडलं जातंय. शब्दाचं मूळही तेच सांगतं. "चार्ज" हा शब्द गाडीत माल भरणे या अर्थाने जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. चार्ज म्हणजे ओझं चढवणं, डिस्चार्ज म्हणजे उतरवणं. एवढं कळलं की बॅटरी चार्ज करणे, पोलिसांनी चार्ज लावणे, दुकानदाराने एक्स्ट्रा चार्ज घेणे आणि ऑफिसात कुणी इनचार्ज असणे ही सगळी एकाच घरातली भावंडं वाटायला लागतात. कुणावर विजेचा भार, कुणावर आरोपाचा, कुणावर पैशाचा, कुणावर जबाबदारीचा.

जाता जाता: क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८.३ लिटर. म्हणजे १०,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला नदीत ओतल्यासारखं. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हा आकडा समजावून सांगायची गरज नाही. अशा मेसेजमध्ये "लाइकली टु इन्क्रीज" म्हणजे वाढण्याची शक्यता आहे, अजून वाढलेलं नाही. "लो-लाइंग एरियाज" म्हणजे सखल भाग. आणि "इव्हॅक्युएट" म्हणजे नुसतं सावध राहणं नाही, तर जागा रिकामी करून निघणं. हवामान खात्याच्या रंगांचंही तसंच. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे आता कृती करा. या दोन-तीन शब्दांतला फरक पावसाळ्यात जनावरं कधी हलवायची ते ठरवतो.

एसएमएस, लोन आणि ॲपमधले फसवे शब्द

तरुण मुलांच्या फोनवर सगळ्यात जास्त इंग्रजी कुठे येतं? इंस्टाग्राम सोडलं तर बँकेच्या मेसेजमध्ये आणि ॲपच्या पॉपअपमध्ये. इथल्या शब्दांची गंमत अशी की ते आपल्याला "येतात", पण दुसऱ्याच अर्थाने.

आउटस्टँडिंग: शाळेच्या प्रगतिपुस्तकात हा शब्द म्हणजे कौतुक. लोनच्या मेसेजमध्ये "आउटस्टँडिंग अमाउंट" म्हणजे अजून फेडायची राहिलेली रक्कम. मूळ चित्र एकच आहे, उभं राहणं. एक मुलगा बाकीच्यांतून वेगळा उठून उभा आहे, आणि एक बाकी अजून मिटली नाही म्हणून तशीच उभी आहे.

डिफॉल्ट: फोनमध्ये "डिफॉल्ट ब्राउझर" आणि बँकेत "लोन डिफॉल्ट". पहिला निरुपद्रवी, दुसरा सिबिल स्कोअर खाली आणणारा. दोन्हींचा धागा हा की तुम्ही काहीतरी केलं नाहीत. तुम्ही दुसरा पर्याय निवडला नाहीत म्हणून जे आहे ते चालू राहिलं, आणि इकडे हप्ता भरला नाहीत म्हणून थकबाकीदार झालात.

सँक्शन: हा तर स्वतःच्याच विरुद्ध उभा राहणारा शब्द. "लोन सँक्शन्ड" म्हणजे मंजूर. बातमीत "अमेरिका इम्पोज्ड सँक्शन्स" म्हणजे निर्बंध लादले. शब्द तोच, एकीकडे परवानगी, दुसरीकडे बंदी. शेजारचे शब्द पाहिल्याशिवाय ठरवताच येत नाही.

प्रिन्सिपल आणि इंटरेस्ट: कॉलेजात प्राचार्य आणि आवड, लोनच्या कागदावर मुद्दल आणि व्याज. त्यात "प्रिन्सिपल" या उच्चाराचे दोन वेगळे शब्द आहेत. शेवटी ए-एल असेल तर प्राचार्य किंवा मुद्दल, एल-ई असेल तर तत्त्व.

लीन: हा शब्द मला सध्या सगळ्यात जास्त विचारला जातो. "दादा, अकाउंटवर लीन लागलाय म्हणे, पैसे दिसतायत पण निघत नाहीत, हे काय?" असा माझ्या चुलतभावाचा फोन आला होता. त्याने आधी अर्थ शोधलेला होता आणि त्याला "धारणाधिकार" असं उत्तर मिळालेलं होतं. उत्तर अचूक आहे, कायद्याच्या मराठीत हाच शब्द आहे. पण त्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही. त्याच्या मराठीत सांगायचं तर: पैसे तुझेच आहेत, खात्यातच आहेत, पण बँकेने त्यातली अमुक रक्कम अडकवून ठेवलीय आणि कारण मिटेपर्यंत ती काढता येणार नाही. म्हणजे आता बँकेत जाऊन विचारायचं ते "पैसे कुठे गेले" असं नाही, तर "लीन किती रुपयांचा आणि कशासाठी लावलाय" असं. शब्द कळला की प्रश्न बदलतो.

डेबिटेड म्हणजे गेले, क्रेडिटेड म्हणजे आले, हे बहुतेकांना पाठ आहे. तरी फसवणूक होते ती "रिसीव्ह" आणि "पे" यांच्या गोंधळात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. स्क्रीनवर "एंटर पिन" आलं म्हणजे तुमच्या खात्यातून काहीतरी जाणार आहे किंवा तुम्ही बॅलन्स बघताय, मग समोरचा फोनवर काहीही सांगत असो. तसंच "ऑटो-रिन्यू": फ्री ट्रायल संपल्यावर तुम्ही काही केलं नाही तर पैसे आपोआप कापले जातील. पुन्हा तेच, डिफॉल्ट.

गूगल ट्रान्सलेट एकट्या शब्दाला का चुकतं?

भाषांतराचं जुनं तंत्र असं होतं की वाक्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं आधी साठवलेल्या मजकुरात सगळ्यात जास्त वेळा आढळलेलं भाषांतर उचलायचं आणि जोडून द्यायचं. म्हणूनच जुनी मराठी भाषांतरं वाचताना ठिगळं लावल्यासारखी वाटायची. गूगलने २०१६ मध्ये न्यूरल पद्धत आणली आणि एप्रिल २०१७ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांना ती लागू केली. या पद्धतीत मशीन संपूर्ण वाक्य एकत्र पाहतं. प्रत्येक शब्दाचं आकड्यांच्या एका लांबलचक यादीत रूपांतर होतं, आणि ते आकडे शेजारच्या शब्दांप्रमाणे बदलतात. "बँक" शेजारी "रिव्हर" असेल तर आकडे एकीकडे झुकतात, "लोन" असेल तर दुसरीकडे. आपल्याकडे म्हणतात ना, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. या मशीनचं गणित साधारण तसंच आहे.

आता तुम्ही एकटा शब्द टाकला तर पवळ्याशेजारी ढवळ्याच नाही. मशीनला अंदाज करावा लागतो, आणि ते सगळ्यात जास्त चालणारा अर्थ देऊन मोकळं होतं. म्हणून पहिला नियम: शब्द कॉपी करू नका, आख्खं वाक्य कॉपी करा. स्क्रीनशॉटमधला किंवा कागदावरचा मजकूर असेल तर गूगल लेन्सने फोटोवरून पूर्ण परिच्छेद निवडा. मग त्याच वाक्यात तुमचा शब्द कुठे बसलाय ते शोधा. हे करायला पाच सेकंद जास्त लागतात, पण अर्थ योग्य जागेचा मिळतो.

अजून एक तपासणी मी नेहमी करतो. मिळालेलं मराठी वाक्य परत इंग्रजीत उलटवून बघायचं. मूळ वाक्याच्या आसपास आलं तर ठीक, भलतीकडे गेलं तर कुठेतरी गडबड आहे. ही पद्धत शंभर टक्के खात्रीची नाही, पण मोठी चूक पकडते.

जिथे मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत दोन

शिराळ्याचं नाव बाहेर निघालं की लोक पहिल्यांदा नागपंचमीच विचारतात. पूर्वी इथे जिवंत नाग पकडून त्यांची पूजा आणि मिरवणूक व्हायची. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे त्यावर बंदी आली. या विषयावर इंग्रजी पेपरात भरपूर छापून आलंय, आणि शब्द शिकायला मी गावातल्या मुलांना तेच वाचायला सांगतो. कारण साधं आहे. विषय आधीच माहीत असेल तर अनोळखी शब्दाचा अर्थ अर्धा आपोआप कळतो. परदेशातल्या बर्फावरचा धडा वाचून शिकलेला शब्द टिकत नाही, आपल्या गल्लीतल्या गोष्टीतला टिकतो.

तर त्यातला हा नमुना. इंग्रजीत "व्हेनम" आणि "पॉयझन" असे दोन शब्द आहेत, शब्दकोशात दोन्हींपुढे "विष". मग दोन कशाला? प्राणी चावून किंवा नांगी मारून जे शरीरात सोडतो ते व्हेनम. जे खाल्ल्या-प्यायल्याने, श्वासातून किंवा कातडीला लागून बाधतं ते पॉयझन. म्हणून नाग "व्हेनमस" आणि रानातली विषारी अळंबी "पॉयझनस". बोलताना इंग्रज लोकही "पॉयझनस स्नेक" म्हणून जातात, पण दवाखान्यात आणि पुस्तकात फरक पाळला जातो. औषधाचं नाव म्हणून तर "अँटीव्हेनम" असतं. भारतात वापरलं जाणारं हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनवलेलं असतं, आणि इंग्रजीत या चौघांना मिळून "बिग फोर" म्हणतात.

चावण्याचंही तसंच. साप चावला, विंचू चावला, मधमाशी चावली, मराठीत सगळीकडे चावणं. इंग्रजीत दातांनी होतो तो "बाइट", नांगीने होतो तो "स्टिंग". स्नेक बाइट, स्कॉर्पियन स्टिंग. प्रथमोपचाराच्या इंग्रजी सूचनेत "कीप द लिंब इमोबाइल" आलं तर त्याचा मोबाईलशी संबंध नाही. इमोबाइल म्हणजे न हलणारं, म्हणजे चावलेला हात किंवा पाय अजिबात हलवू नका. आणि "डू नॉट टाय अ टूर्निके" म्हणजे करकचून दोरी बांधू नका. सरळ दवाखाना गाठा.

विषाचा विषय निघालाय तर औषध फवारणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्यावर "पॉयझन", निळ्यावर "डेंजर", हिरव्यावर "कॉशन" लिहिलेलं असतं. कॉशन म्हणजे जपून, म्हणजे हिरवा त्रिकोण असला तरी ते पाणी नव्हे.

आणि एक गंमत, जी सांगितल्याशिवाय राहवत नाही. नागाचा शत्रू मुंगूस. इंग्रजीतला "मंगूस" हा शब्द मराठीतून गेलाय, मोठे इंग्रजी शब्दकोश तसं नोंदवतात. अनेकवचन मात्र इंग्रजी नियमाने "मंगूसेस" होतं, "मंगीस" नाही. "कोब्रा" हा पोर्तुगीज, फणावाला साप या अर्थाच्या लांब नावाचा तुकडा.

उलट्या दिशेने: मराठीत विचार, इंग्रजीत वाक्य

आतापर्यंत आपण वाचण्याबद्दल बोललो. लिहिताना अडचण उलटी होते. मराठीत "लागणे" हे एक क्रियापद घ्या.

भूक लागली — आय ॲम हंग्री.
दोन तास लागले — इट टुक टू अवर्स.
आग लागली — इट कॉट फायर.
डोक्याला लागलं — ही हर्ट हिज हेड.
नोकरी लागली — शी गॉट अ जॉब.
फोन लागत नाही — द कॉल इज नॉट गोइंग थ्रू.
रडायला लागला — ही स्टार्टेड क्राइंग.

सात वाक्यं, सात वेगळी क्रियापदं, आणि कुठल्याच शब्दकोशात "लागणे" शोधून हे सुटत नाही. इंग्रजी शिकताना शब्दापेक्षा शब्दांची जोडी पाठ करा असं म्हणतात ते यासाठीच. पाऊस जोराचा तर "हेवी रेन", चहा कडक तर "स्ट्राँग टी", वारा जोराचा तर "स्ट्राँग विंड". "स्ट्राँग रेन" व्याकरणाने बरोबर आहे, पण तसं कुणी म्हणत नाही. छोट्या शब्दांतही हेच: शिराळा इज नोन ॲज बत्तीस शिराळा, अँड इट इज नोन फॉर नागपंचमी. "ॲज" म्हणजे या नावाने ओळखलं जातं, "फॉर" म्हणजे यासाठी प्रसिद्ध. आपल्या गावाबद्दल असं एक वाक्य केलंत की हा फरक वेगळा पाठ करायला लागत नाही.

देवनागरीत लिहिलेला उच्चार किती विश्वासाचा?

मराठी अर्थ देणाऱ्या साईट उच्चार देवनागरीत लिहितात, मीही इथे तेच करतोय. सोय आहे, पण गाळणीही आहे. "वेस्ट" असं लिहिलं की तो कुठला शब्द? पश्चिम दिशा, वाया घालवणे, की बनियन? इंग्रजीत हे तीन वेगळे उच्चार आहेत. वाया घालवण्यातला स्वर लांब, "वेइस्ट" सारखा. बनियनमधला पहिला आवाज वरचे दात खालच्या ओठाला टेकवून, दिशेमधला ओठ गोल करून. आपल्या "व" मध्ये दोन्ही मावतात म्हणून कानालाही फरक जाणवत नाही. त्यामुळे देवनागरी उच्चार वाचा, पण स्पीकरचं चिन्ह दाबून एकदा ऐकाच. मराठीला एक फायदा आहे: ॲ आणि ऑ ही चिन्हं आपल्याकडे रुळलेली आहेत. "बॅट" आणि "बेट", "पेन" आणि "पॅन" आपण लिहून वेगळे दाखवू शकतो.

शब्दकोश कुठला वापरायचा?

मराठी-इंग्रजी कोशांची परंपरा जुनी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, आणि सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने १८४७ मध्ये पूर्ण केला. मोल्सवर्थ आज शिकागो विद्यापीठाच्या साईटवर फुकट सर्च करता येतो. त्यात शब्दासोबत वापर आणि म्हणीही दिल्यात, मराठी शब्द समजून घ्यायला अजूनही उत्तम. पण त्यातलं इंग्रजी दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, ते नोकरीच्या ईमेलमध्ये टाकू नका. सरकारी आणि कायद्याच्या शब्दांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. फॉर्म भरताना कामाला येतात, पण "धारणाधिकार" तिथलाच आहे हे लक्षात असू द्या.

थोडं इंग्रजी येत असेल तर मात्र माझा आग्रह इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरीचा. हा प्रकार मुळात परदेशी विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो काढला. आजच्या ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्सचं मूळ ते. १९८७ चा कोबिल्ड कोश आणखी पुढे गेला. त्यात अर्थच पूर्ण वाक्यात असतो, आणि उदाहरणं खऱ्या छापील आणि बोललेल्या इंग्रजीतून घेतलेली. सोप्या शब्दांत अर्थ, खाली तीन-चार वाक्यं. पहिले पंधरा दिवस त्रास होतो, मग मराठी अर्थाची कुबडी हळूहळू सुटते.

चॅटजीपीटी किंवा जेमिनीला विचारायचं असेल तर "अमुक शब्दाचा अर्थ सांग" एवढंच विचारू नका. असं विचारा: "या वाक्यात हा शब्द कुठल्या अर्थाने आलाय ते बोली मराठीत सांग, आणि याच अर्थाची रोजच्या वापरातली तीन इंग्रजी वाक्यं दे." उत्तर बहुतेक वेळा चांगलं येतं. पण शब्दाचं मूळ कुठलं, पहिल्यांदा कधी वापरला, असं विचारलंत तर ठामपणे काहीही सांगू शकतं. ते कोशात पडताळा.

लक्षात ठेवायचं गणित

१८८५ मध्ये हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून उजळणी रोज करण्यापेक्षा वाढत्या अंतराने केलेली बरी. १९८७ मध्ये पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाक यांनी हे कॉम्प्युटरवर आणलं. त्यांचा एसएम-२ नावाचा अल्गोरिदम इतका छोटा आहे की इथेच सांगतो. शब्द आला तर पहिली उजळणी १ दिवसाने, दुसरी ६ दिवसांनी, पुढची मागच्या अंतराला साधारण २.५ ने गुणून. म्हणजे १, ६, १५, ३८, ९५ दिवस. अवघड गेला तर गुणक कमी होतो, पण १.३ च्या खाली जात नाही. पूर्ण विसरलात तर पुन्हा १ दिवसापासून. अँकी हे ॲप याच पायावर उभं राहिलं. २०२३ पासून त्यात एफएसआरएस नावाची नवी पद्धतही आहे, जी तुमच्या स्वतःच्या विसरण्याच्या सवयीवरून अंतर ठरवते. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट आहे, आयफोनवर मात्र पैसे पडतात.

कार्ड कसं करायचं यावर सगळं अवलंबून आहे. एका बाजूला "डिस्चार्ज" आणि दुसऱ्या बाजूला "विसर्ग" असं कार्ड केलंत तर परत तोच खेळ. माझं कार्ड असं असतं. समोर: "धरणातून पाणी सोडलंय. द डॅम इज (रिकामी जागा) वॉटर." मागे: शब्द, स्पेलिंग, आणि त्याच मुळाचं दुसरं एक वाक्य, जसं बॅटरीचं. वाक्य शक्यतो स्वतःच्या घरातलं, गावातलं, कॉलेजातलं. दुसऱ्याने बनवलेले पाच हजार शब्दांचे तयार डेक डाउनलोड करून तिसऱ्या दिवशी ॲप उडवणारे मी भरपूर पाहिलेत.

किती शब्द पुरतात? मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात शिक्षकांना शिकवताना याच प्रश्नावर काम सुरू केलं होतं, आणि १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० शब्दकुळांची यादी प्रसिद्ध झाली. आज ऑक्सफर्डची ३,००० शब्दांची यादी फुकट मिळते, पातळीप्रमाणे लावलेली. रोज ८ नवे शब्द धरले तर वर्षाला २,९२० होतात. कागदावर. परीक्षा, लग्नसराई, आयपीएल धरून निम्मे झाले तरी दोन वर्षांत यादी संपते. यादीतले शेकडो शब्द तुम्हाला आधीच येतात, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून लवकर.

ग्रामीण भागात रेंजचा प्रश्न असतो, म्हणून शेवटचं एक सेटिंग. गूगल ट्रान्सलेटमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून डाउनलोडेड लँग्वेजेसमध्ये जा, मराठी वायफायवर उतरवून घ्या. ऑफलाइन भाषांतर ऑनलाइनइतकं चांगलं नसतं, पण धरणाचा मेसेज आला आणि टॉवर गेला असेल तेव्हा तेवढंही पुरतं. अँकीड्रॉइडला तर उजळणीसाठी नेट लागतच नाही.